सुतारकाका, माजघर दाखवलंत त्याबद्दल

ती. सुतारकाकांस सा. न.

घरातच भजनं रेकॉर्ड करायची म्हटल्यावर सगळ्यांचं बोट वरच्या समुद्राकडच्या नव्या खोलीकडे होतं. तुम्ही मोजायची टेप लावून ती नाकारलीत आणि मधलं माजघर दाखवलंत. त्याबद्दल मनापासून आभार. तुमची कारणं इथे मुद्दाम लिहितोय; किनाऱ्यावर अशी जागा शोधणाऱ्या प्रत्येकाच्या ती उपयोगाची आहेत.

565 ला समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या फुटांनी भागलं की त्यांच्यात घुमणारा सर्वांत खालचा सूर हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती कंपनं या मापात, मिळतो. वरची खोली तिन्ही मापांनी 10 फूट, म्हणजे तिन्हीकडून तोच साडेछप्पन्न आणि त्याची दुप्पट 113. अशा चौकोनी डब्यात पखवाजाची धुम फुगते, आणि ती नंतर मिक्सिंगमध्ये धड काढता येत नाही. माजघर 14 बाय 11, माळ्यापर्यंत साडेनऊ: 40, 51, 59. घुमणं एकाच सुरावर न साठता तिघांत विभागलं गेलं.

शिवाय वर पत्रा. पावसाळ्यात त्याखाली माइक उघडायची सोय नाही. समुद्राची गाज तर खालपासून वरपर्यंत सगळ्या सुरांत पसरलेली. ती कापायला गेलं की गळाही कापला जातो. माजघरावर कौलं, खाली जाड फळ्यांचा माळा, पुढे ओटी, मागे पडवी. जागेची परीक्षा मे महिन्याच्या दुपारी घेऊ नका, हे तुमचं सांगणं सोन्यासारखं. भरतीच्या वेळी, रात्री, भर पावसात मोबाइलवर दहा मिनिटं नुसती शांतता रेकॉर्ड करायची आणि हेडफोनवर ऐकायची. पंप, फ्रिज, बेडूक, सगळे सापडतात.

माजघराचा दोष एकच, ओल. कंडेन्सर जातीच्या नाजूक माइकच्या कॅप्सूलला, म्हणजे आवाज टिपणाऱ्या भागाला, ओल लागली की चरचर येते. म्हणून काम झालं की माइक सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात. जेल निळ्याचं गुलाबी झालं की मंद आचेवर तापवून परत वापरायचं.

भिंतींना लावायला आणलेले अंड्यांचे ट्रे तुम्ही हातातून काढून घेतलेत, बरं केलंत. त्यांनी बाहेरचा आवाज अडत नाही. तुम्ही केलेल्या लाकडी चौकटींत 4 इंच रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) बसलंय, भिंतीपासून 3 इंच पुढे. त्या पोकळीमुळे खालचे सूर जास्त शोषले जातात, आणि मागे हवा खेळती राहिल्याने बुरशीही धरत नाही. दाराच्या फटीला रबर लावताना म्हणालात, जिथून हवा जाते तिथून आवाज जातो. दारावर खर्च करण्याआधी हे एक वाक्य सगळ्यांनी ऐकावं.

श्रावणातली भजनं झाली आहेत, बाहेर धो धो पाऊस असताना. ऐकायला या, काकींनाही आणा.