तिप्पट, पण कशाच्या?

संपादक महोदय,

कॉर्डिसेप्स मिलिटॅरिससारख्या औषधी बुरशीत ‘अमुक जनुक तिप्पट सक्रिय’ असे छापून येते, तेव्हा तिप्पट कशाच्या तुलनेत, हे विचारायला हवे. क्यूपीसीआरमध्ये, म्हणजे जनुकाची सक्रियता मोजणाऱ्या चाचणीत, हा आधार संदर्भ जनुकाचा, म्हणजे सर्व नमुन्यांत सारखेच सक्रिय मानलेल्या जनुकाचा. सवयीने ॲक्टिन किंवा जीएपीडीएच ही जनुके घेतली जातात. पण ॲक्टिन पेशींच्या वाढीशी आणि जीएपीडीएच शर्करेच्या चयापचयाशी बांधलेले. तंतुजालातून फळ धरताना नेमके हेच बदलते. चाचणीच्या दर आवर्तनात प्रती दुप्पट होतात; म्हणून संदर्भाचे सीटी मूल्य (संकेत कितव्या आवर्तनात दिसतो तो आकडा) एका आवर्तनाने सरकले, की उत्तर दुपटीने चुकते. १८एस या रायबोसोमच्या आरएनएला तर पॉली-ए शेपूटच (टोकाची ‘ए’ घटकांची साखळी) नाही; ती शेपूट पकडणाऱ्या ऑलिगो-डीटीने बनवलेल्या सीडीएनएत (आरएनएवरून केलेल्या डीएनए प्रतीत) त्याच्यावर विसंबणे म्हणजे हट्टच.

संदर्भासाठी आठ-दहा उमेदवार जनुके घेऊन वाढीच्या प्रत्येक टप्प्याचे किमान ३ स्वतंत्र नमुने तपासावेत. दहापट विरलनाच्या ५ पायऱ्यांवर प्रायमरची (प्रत बनवायला सुरुवात करून देणाऱ्या छोट्या डीएनए तुकड्यांची) कार्यक्षमता ९० ते ११० टक्के यावी. संदर्भ जनुकांची स्थिरता तपासणाऱ्या जीनॉर्म या संगणकीय प्रणालीत व्ही २/३ हे मूल्य (दोनऐवजी तीन जनुके घेतल्याने फरक किती पडतो, ते सांगणारे) ०.१५ च्या खाली असेल, तर दोन जनुके पुरतात. बुरशीतील पॉलिसॅकराइड (लांब साखळीच्या शर्करा) आरएनएसोबत येऊन विकरांचे काम दाबतात, त्यामुळे २६०/२३० गुणोत्तर (आरएनए किती शुद्ध, हे सांगणारे प्रकाशशोषणाचे गुणोत्तर) पाहिल्याशिवाय पुढे जाऊच नये. जीनॉर्म आणि नॉर्मफाइंडर या तशाच दुसऱ्या प्रणालीने लावलेले जनुकांचे क्रम जुळले नाहीत तर गोंधळू नये. जीनॉर्म एकत्र हलणाऱ्या जनुकांना झुकते माप देते, म्हणून एकाच चयापचय मार्गातली दोन जनुके उमेदवारांत नकोत.

आपले,
बुरशीशास्त्राचे काही अभ्यासक