तुमसरला निघालेल्या नातवासाठी

अमळनेर,
नागपंचमी, संध्याकाळ

प्रिय नाना,

कसा शे भो? परवा फोनवर तू एवढंच म्हणालास, "तुमसरकडे मेंदूज्वराचे डास असतात म्हणे," आणि गप्प बसलास. मागून वहिनींचा आवाज येतच होता, "बाळाला दिवाळीपर्यंत इथंच ठेवू." आरोग्य सेवक म्हणून माझी बत्तीस वर्षं पाड्यांवर गेली, तेव्हा नीट लिहूनच कळवतो.

तुम्ही ज्याला घाबरलात तो जपानी मेंदूज्वर. नाव जपानी असलं तरी आपल्या देशात त्याचा पहिला रुग्ण 1955 साली वेल्लोरला सापडला. त्याचा विषाणू मुळात बगळ्या-ढोकरींत आणि डुकरांत वाढतो. डुकराला फारसं काही होत नाही, पण त्याच्या रक्तात विषाणू मुबलक असतो. ते रक्त प्यालेला क्युलेक्स डास पुढे माणसाला चावला, की विषाणू आपल्यात येतो आणि तिथंच अडकतो. माणसाच्या रक्तात तो इतका कमी असतो की आपल्याला चावून डास पुढे कोणाला आजार देऊ शकत नाही. म्हणजे शेजारचं पोर आजारी पडलं म्हणून त्याला शिवायचं नाही, असलं काही करू नका.

आता आपली खानदेशी खोड. नळाला चार-चार दिवस पाणी नाही म्हणून आपण ड्रम भरून ठेवतो आणि त्यात डेंग्यूचा डास पोसतो. दर आठवड्याला ड्रम घासून कोरडा करा, हे मी जन्मभर घरोघर सांगत फिरलो. तुमसरला ते पुरणार नाही. तिथला हा डास धानाच्या बांधीत वाढतो (भाताला ते धान म्हणतात, सूनबाईंना सांगून ठेव). अख्खं शिवार कोण कोरडं करणार? आणि तो अंधार पडता पडता बाहेर पडतो. धुराच्या गाडीचं कौतुक मला कधीच नव्हतं. फोटो छान येतात, डास दुसऱ्या दिवशी परत.

मग राहते लस आणि मच्छरदाणी. लस देशभर सगळीकडे देत नाहीत, हा आजार असलेल्या निवडक जिल्ह्यांतच देतात. तुमसरचा भंडारा जिल्हा त्यात आहे. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलासोबत, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत, सरकारी दवाखान्यात फुकट. पण तुझा नातू सात महिन्यांचा. मधले दोन महिने ऐन पावसाळ्याचे, आणि ते मच्छरदाणीवरच काढायचे. दिवे लागायच्या आत बाळ मच्छरदाणीत, कडा गादीखाली खोचलेल्या, अंगात पूर्ण बाह्यांचं झबलं. खोली बघताना मागे डुकरांचा वाडा नाही ना, तेवढं पोराला बघायला सांग.

वहिनींना घाबरवायचं नाही, पण लपवायचंही नाही. लागण झालेल्या अडीचशे जणांत जेमतेम एकाला हा आजार जोर करतो. त्या एकाचे हाल मात्र फार. त्यांतले शंभरात तीसपर्यंत जातात, आणि वाचलेल्यांत कित्येकांचं बोलणं-चालणं कायमचं बिघडतं. विषाणू मारणारं औषध नाही.

चोपड्याच्या वर एका पाड्यावर असंच एक पोर पाहिलं होतं. ताप, ओकाऱ्या, मग झटके. आजी नाकाशी चप्पल धरून बसलेली, भगताकडे एक रात्र गेलेली. मी त्याला कुशीवर केलं, तोंडात घातलेला चमचा काढला आणि जीपमध्ये घेऊन निघालो. पोर जगलं. पुढे आठ वर्षांचं झालं तरी आईला धड हाक मारता येत नव्हती. कोणता मेंदूज्वर होता ते कधी कळलंच नाही. चांदीपुरा नावाच्या विषाणूचा मेंदूज्वरही असाच, तो विषाणू 1965 साली नागपूरकडे सापडलेला. तो वाळूमाशीने येतो आणि त्याला लस नाही. घरच्यांनी नावाच्या फंदात पडू नये. तापासोबत झटके, न थांबणारी ओकारी किंवा बाळ उठवून उठत नाही असं दिसलं, की त्याच तासाला मोठा दवाखाना.

बाळाला इथं ठेवावं का? माझं मत, जाऊ दे. आईबापांपासून तोडण्याइतकं काही नाही, तिकडेही हजारो लेकरं वाढतातच. आणि वहिनींना राग येऊ दे, पण तुमच्या मोरीतल्या निळ्या ड्रममध्ये मागच्या खेपेला मी स्वतः अळ्या पाहिल्यात!

रविवारी कानबाईला येतोच आहे. येताना दाट विणीची मच्छरदाणी आणतो. लसीकरणाचं कार्ड काढून ठेव, तारखा मीच लिहून देतो.

तुझा,
आबा