डॉक्टर मॅडम, ११ वर्षांनी दही खाल्लं

डॉक्टर मॅडम, नमस्कार,

मी ती चिपळूणची खानावळवाली. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलंत, शिंका कधी येतात, फोडणी देताना की अंथरुणातून उठताना? आणि मी बघतच राहिले, कारण हे कोणी विचारलंच नव्हतं हो. सगळे नाकात बॅटरी मारायचे, सर्दीची गोळी लिहायचे, झालं. मी म्हटलं उठताना, पाठोपाठ पंधरा-वीस, टाळू खाजते, डोळ्यांतून पाणी, आणि दहा वाजले की बरीचशी थांबते. तुम्ही नुसतं हं म्हणालात आणि लिहून घेतलंत.

तुमच्याकडे यायच्या आधी एका ठिकाणी सांगितलं होतं नाकाचं हाड वाढलंय, ऑपरेशन करा. आमच्याकडे ज्याचं नाक चोंदतं त्याचं हाड वाढलेलंच असतं म्हणा. तुम्ही दुर्बीण घालून स्क्रीनवर दाखवलंत की पडदा थोडा वाकडा आहे पण तो बऱ्याच जणांचा असतो, श्वास अडतोय तो बाजूच्या फुगलेल्या मांसामुळे, आणि ते फिकट निळसर दिसतंय म्हणजे अ‍ॅलर्जी असू शकते. मला तर कच्च्या सोललेल्या कोलंबीसारखं दिसलं, सॉरी, धंदाच तो.

मग थेंबांची चोरी पकडलीत. नाक मोकळं करायचे ते थेंब मी दोन वर्षं रोज रात्री टाकत होते, मेडिकलमधून आपले आपण आणून. तुम्ही ओरडला नाहीत, एवढंच सांगितलंत की ते चार-पाच दिवसांपुरते असतात, जास्त वापरले की उतरल्यावर नाक आणखी घट्ट होतं, मग पुन्हा थेंब. आधी एका नाकपुडीतले बंद करा म्हणालात, मग दुसऱ्या. ते दहा-बारा दिवस वाईट गेले, खोटं कशाला बोलू, तोंड उघडं टाकून बसल्या बसल्या झोपायचे आणि मनात तुम्हाला शिव्या घालायचे. आज त्याचीही माफी मागते.

मग अ‍ॅलर्जीची टेस्ट, तिच्या आधी आठवडाभर अ‍ॅलर्जीची गोळी बंद. हातावर पेनाने आकडे, प्रत्येक आकड्याजवळ एक थेंब आणि बारीकशी टोच, आणि १५-२० मिनिटं खाजवायचं नाही ही खरी शिक्षा. एक थेंब फुगायलाच हवा असा, एक फुगायलाच नको असा, म्हणजे टेस्ट बरोबर चाललीय हे कळतं. धुळीतल्या किड्याचे दोन्ही आकडे गांधीलमाशी चावल्यासारखे वर आले. तुम्ही पट्टीने मोजलंत, वर म्हणालात की ३ मिलिमीटरच्या वर फुगलं तरी एवढ्यावरून काही ठरत नाही, तुमची कहाणी आणि टेस्ट जुळली पाहिजे. जुळली. किडा गादी-उशीत, आपल्या अंगाच्या गळलेल्या कातडीवर जगणारा, डोळ्यांना न दिसणारा, आणि अ‍ॅलर्जी मुख्यतः त्याच्या विष्ठेची. ई गं! आणि आमच्या कोकणातली दमट हवा म्हणजे त्याचं माहेरच.

आता दही. सासूबाईंनी, शेजारणीने, सगळ्यांनी मिळून माझं दही, केळं, ताक बंद केलेलं ११ वर्षं. तुम्ही विचारलंत, दही खाल्ल्यावर तासा-दोन तासांत काही होतं का? नाही होत. मग खा की. एवढंच! मी बाहेर येऊन रिक्षात रडले, हसू नका.

गोधडीचं मला टेन्शन होतं, आजीच्या हातची, लुगड्यांची, वाटलं टाकून द्या म्हणणार. तुम्ही म्हणालात कडकडीत पाण्यात धुवा, ६० डिग्रीच्या आसपास, दर आठवड्याला चादरी-अभ्रे पण, नुसतं उन्हात टाकून भागत नाही. बंबातलं पाणी काढून धुतली, रंग उतरला, पण आहे. गादीला चेनची खोळ शिवून घेतली. झाडू मारायचा असेल तर नाकाला फडकं, नाहीतर ओल्या फडक्याने पुसणं.

पण सगळ्यात जास्त आभार स्प्रेचे. तोच स्प्रे आधी कोणीतरी दिला होता, मी मान मागे टाकून जोरात ओढायचे, सगळं औषध घशात, कधी रक्त यायचं, म्हणून सोडला. तुम्ही गर्दीच्या ओपीडीत पाच मिनिटं घालवून शिकवलंत, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, टोक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे, मान किंचित खाली, ओढायचं नाही. शेजारीण म्हणाली स्टिरॉइड आहे गं, मी तुमचंच उत्तर फेकलं तिच्या तोंडावर, एका फवाऱ्यात ५० मायक्रोग्रॅम आणि तेही नाकापुरतं. दोन आठवडे रोज मारल्यावर एका सकाळी आमसुलाचा वास आला, डबा उघडायच्या आधी. आता भात लागला तर मला कळतं, नाहीतर गिऱ्हाईकच सांगायचं.

कानाचे दडेही सुटले. कुंभार्ली घाट उतरताना कान फुटतोय असं वाटायचं, घरी गरम तेल ओतायचे. तुम्ही सांगितलंत की नाकाच्या मागून कानाला नळी जाते, तीच सुजलेली, तेल तिथे पोचतच नाही.

अ‍ॅलर्जी कमी करायच्या इंजेक्शनच्या कोर्सचं, तीन ते पाच वर्षांच्या, अजून ठरत नाहीये, घरी बोलते. तोवर पुढच्या बुधवारी येतेय, स्प्रे तुमच्यासमोर मारून दाखवते, चुकला तर आता बिनधास्त ओरडा. सोबत डबा आणतेय, नाही म्हणू नका. कढी आहे.