गिरगाव स्थानकाची एक भिंत आम्हाला द्या

मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

माझी आई पंचाहत्तरीची आहे. लग्न होऊन ती गिरगावातल्या ज्या चाळीत आली, ती चाळ मेट्रो ३ च्या गिरगाव स्थानकासाठी पाडली गेली. गेल्या महिन्यात तिला भुयारी मेट्रोने तिथे घेऊन गेलो. सरकत्या जिन्यावर तिने माझा दंड घट्ट धरला होता. फलाटावर आल्यावर मात्र हात सोडून ती छताकडे बघत राहिली. म्हणाली, "आपला नळ इथून कुठे आला असेल रे?" मला सांगता आलं नाही.

मेट्रोविषयी माझी तक्रार नाही. गिरगाव-काळबादेवीला लोकलचं स्टेशन कधी नव्हतंच. चर्नी रोड नाहीतर मरीन लाइन्सला उतरायचं आणि पायपीट करायची. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा मार्ग पूर्ण सुरू झाला. २७ स्थानकं, त्यातली २६ जमिनीखाली. आईसारख्यांना याचं मोल फार आहे.

पण हे स्थानक कसं झालं ते लोकांना कळायला हवं. जगन्नाथ शंकरशेट रस्ता इतका चिंचोळा, की वरून रुंद खड्डा खणणं शक्यच नव्हतं. म्हणून गिरगाव आणि काळबादेवीची स्थानकं खडक आतून पोखरत बांधली. तरीही दारं, जिने, हवा खेळवायची यंत्रणा यांना जमिनीवर जागा लागतेच. ती जागा आमच्या इमारतींची.

या मार्गावरची नावं वाचून ऊर भरून येतो. हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तोफेसारखे धडाडणारे आचार्य अत्रे. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली, त्या रेल्वेसाठी झटलेले नाना शंकरशेट. थोरांची आठवण अशी राखलीत, फार चांगलं केलंत. आता उंबरे सोडून गेलेल्या भाडेकरूंचीही राखा.

गिरगाव आणि काळबादेवी, दोन्ही स्थानकांत एकेक भिंत द्या. पाडलेल्या प्रत्येक इमारतीचं नाव, ती बांधल्याचं साल, तिथली बिऱ्हाडं आणि एक फोटो, एवढंच. फोटो आमच्याकडे आहेत. गणपतीचे, मुंजीचे, गॅलरीत वाळत घातलेल्या पापडांचे. मागवा, पिशव्या भरून आणून देऊ. पुनर्वसन याच परिसरात करायचं शासनाने कबूल केलं आहे, ते तडीस न्यालच. भिंतीचं काम मात्र आत्ताच हाती घ्या. कोणत्या मजल्यावर कोण राहायचं, हे आईच्या पिढीलाच पाठ आहे. आमच्या चाळीची यादी तिने घरी आल्यावर वहीत लिहायला घेतली. दुसरा मजला झाला आहे.

आपला,
एक गिरगावकर