पोरगा पत्ते कुटत नाही, टायरची हवा बघतोय

प्रति,
मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत ऑनलाइन गेमच्या नादावर तुम्ही अर्धं पान दिलं होतं, ते आमच्या दुकानात चहाबरोबर मोठ्याने वाचून झालं. रमी, सट्टा, कुणी जमीन विकली, कुणाची पोरं कर्जात गेली, हे सगळं खरं आहे आणि त्यावर लिहायलाच पाहिजे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते फोटोबद्दल. लेखावर फोटो टाकलाय तो स्टेअरिंग धरून स्क्रीनसमोर बसलेल्या पोराचा, आणि खाली एक ओळ, की रेसिंगसारख्या खेळातही पैसा नि वेळ वाया जातो. दुकानातल्या पोराने पेपर माझ्यापुढे धरून विचारलं, "मालक, ह्यो आपला बारका का काय?" आपला नव्हता, पण बसायची ढब अगदी तीच, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. लांबलंय जरा, कापायचं तिथे कापा.

माझं सांगलीत व्हील अलाइनमेंट-बॅलन्सिंगचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. पोरगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. दोन वर्षांपूर्वी त्याने सेकंडहँड स्टेअरिंग आणलं तेव्हा मीच सगळ्यात जास्त बोंबललो होतो, 14 हजार खेळण्याला घातलेस म्हणून. टेबलाला क्लॅम्पने अडकवून खेळायचा, ब्रेक दाबला की खुर्ची मागे पळायची. ते बघवेना म्हणून मग मीच चौकोनी पाइपची फ्रेम वेल्डिंग करून दिली आणि भंगारातनं मारुती 800 ची सीट आणून बोल्ट मारले. तिथून मी अडकलो म्हणा ना. घरातनं टोमणा एकच, की गाडी घरात बसल्या जागी दोनशेने पळते आणि कोथिंबीर आणायला माणूस नाही.

तो चालवतो तो गेम इटलीच्या कुनोस कंपनीचा, असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने नावाचा, 2019 ला पूर्ण बाजारात आला. त्यात जीटी3 क्लासच्या गाड्या, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाडीवरून केलेल्या रेसगाड्या, आणि खरे ट्रॅक आहेत. गेम म्हटलं की लोकांना वाटतं बटन दाबलं नि गाडी सुटली. तसं नाही. गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गॅरेजात, उभी असते आणि समोर सेटअपचं पान उघडतं, त्यात टायरची हवा, टो (चाकं वरून बघता आत-बाहेर किती वळलीत), कॅम्बर (चाक उभ्यात किती कललंय), कॅस्टर, अँटी-रोल बार (वळणात गाडी कलंडू न देणारी दांडी), स्प्रिंग, डॅम्पर, राइड हाइट (जमिनीपासूनची उंची), मागची विंग (वाऱ्याने गाडी खाली दाबणारी फळी), ब्रेकचं पुढे-मागे वाटप, पेट्रोल किती लिटर, सगळं. मी पहिल्यांदा ते पान बघितलं तेव्हा हसलोच, अहो हे तर माझं दुकान.

फक्त आकडे बघून चक्कर आली. पुढच्या चाकाला जवळजवळ 4 डिग्री निगेटिव्ह कॅम्बर. माझ्याकडे अशी गाडी आली तर मी आधी विचारेन कुठल्या खड्ड्यात आपटली, लोअर आर्म वाकलाय बहुतेक. पण तिथे मुद्दाम ठेवतात कारण रेसगाडी वळणात एवढ्या जोरात दाबली जाते की बाहेरचं चाक तेव्हा कुठे रस्त्यावर सपाट बसतं, सरळ रस्त्यावर मात्र टायर आतल्या कडेवर पळतो आणि तापतो. आपल्या रस्त्यावरच्या गाडीला आपण 32-33 हवा भरतो तीही सकाळी थंड टायरला, आणि यांचं गणित उलटं, पळून तापल्यावर साधारण 26 ते 27 पीएसआयच्या मध्ये बसली पाहिजे. जास्त झाली तर टायर फुगून मधल्याच पट्ट्यावर चालतो, कमी झाली तर गाडी लोण्यावरून गेल्यासारखी सरकते. भरायचं असतं पॉइंट एक-एकच्या हिशोबाने, आमच्या गिऱ्हाइकाला मी पॉइंटमध्ये हवा सांगितली तर मला वेड्यात काढतील.

त्याने गाडी घेतली पोर्श 911, म्हणजे इंजिन पार मागे. पोरं म्हणाली अवघड गाडी आहे, पहिल्याच लीगला, म्हणजे सीझनभर चालणाऱ्या ऑनलाइन स्पर्धेला, घेऊ नको. मी म्हटलं घे, नॅनो पण तशीच होती की, इंजिन मागे, पुढचे-मागचे टायर वेगळ्या साइजचे, आणि पेट्रोल बॉनेट उघडून भरायचं. हसू नका, या पोर्शचीपण टाकी पुढेच आहे. तासाभराच्या रेसला बेल्जियममधल्या स्पाच्या ट्रॅकवर आमचा हिशोब असा, ट्रॅक 7 किलोमीटरचा, लॅप म्हणजे एक फेरी 2 मिनिटं 20 सेकंदाची धरली तर 26 लॅप, सुरुवातीचा रांगेत हळू मारायचा फॉर्मेशन लॅप एक, एक हाताशी, झाले 28, लॅपला साडेतीन लिटर म्हणजे 98 लिटर. ते वजन सत्तर किलोच्या वर जातं, अख्खा माणूस पुढे बसवल्यासारखं, आणि तो माणूस रेसभर थोडा थोडा उतरत जातो. मग नाक हलकं होत जातं. म्हणून रिकाम्या टाकीवर एकच झकास लॅप मारून सेटअप जमला म्हणायचं नाही, भरल्या टाकीने वीस लॅप सलग मारून बघायचे. हे पोराला कळायला एक अख्खा राउंड वाया गेला.

आता खरी गंमत. पोराचं रडगाणं असं की वळणात गाडी नाक धरत नाही, बाहेर जाते. मी म्हटलं पुढचा बार ढिला कर, कारण ज्या टोकाचा बार कडक ते टोक आधी सुटतं. केला. थोडा फरक पडला, मग मागची राइड हाइट दोन मिलिमीटर वर केली, वाऱ्याचा दाब पुढच्या चाकांवर जातो म्हणून, तर सरळ ब्रेकमध्ये मागचं टोक डोलायला लागलं. मग पुढे टो-आउट दिला, म्हणजे चाकं जरा बाहेर वळवली, मग डिफरन्शियलचा (दोन चाकांत ताकद वाटतो त्याचा) प्रीलोड, असं आम्ही बापलेक दोन आठवडे रोज रात्री नुसते पाने फिरवत होतो. वेळ 2:21 च्या खाली येईना. मध्येच त्याने कुठल्यातरी फास्ट ड्रायव्हरचा सेटअप विकत आणला, त्यावर तर मागून गाडी सुटून दोनदा भिंतीत गेला, कारण ज्याचा तो सेटअप होता त्याचा पाय वेगळा.

शेवटी ग्राफ बघितला. मोटेक नावाचं ऑस्ट्रेलियन सॉफ्टवेअर आहे, खऱ्या रेसिंग टीमही तेच वापरतात, हा गेम त्यात डेटा देतो, ब्रेक किती दाबला, थ्रॉटल कधी उघडला, स्टेअरिंग किती फिरवलं, सगळ्याच्या रेघा. ब्रेकची रेघ बघितली तर चढताना बरी आणि उतरताना कड्यावरून दगड टाकल्यासारखी खाली. म्हणजे पोरगा वळणाच्या तोंडाशी ब्रेक एकदम सोडून देत होता. ब्रेकवर असताना वजन पुढे येतं, पुढचे टायर रस्ता धरतात, ब्रेक सोडला की वजन मागे, आणि या गाडीचं इंजिन आधीच मागे, मग नाक कशाने धरेल? गाडीत काही दोषच नव्हता, दोष त्याच्या घोट्यात होता. ब्रेक वळणाच्या पोटापर्यंत हळूहळू सोडत न्यायचा, ट्रेल ब्रेकिंग म्हणतात त्याला. सेटअप सगळा मूळ जागेवर आणला आणि चार दिवस फक्त पाय सोडायचा सराव. 2:19.6 लागली. माझ्याकडे पण अशीच गिऱ्हाइकं येतात, गाडी खेचते म्हणून तीन वेळा अलाइनमेंट करून घेतात आणि निघतं काय तर एका टायरची हवा कमी.

तेव्हाच पेडल बदललं. जुन्या पेडलला ब्रेक किती खाली गेला एवढंच कळायचं, नव्याला लोडसेल आहे, किती जोर लावला ते मोजतो. भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यात असतो तोच प्रकार. पायाला जोर लक्षात राहतो, अंतर राहत नाही.

लीगची तयारी म्हणजे नुसतं पळवणं नाही हेही सांगतो, कारण तुमच्या लेखात शिस्त नाही, रात्र-रात्र जागरण, असं होतं. या लीगमध्ये उतरायला आधी गेममधलं सेफ्टी रेटिंग ठरावीक आकड्याच्या वर लागतं, म्हणजे लोकांना न ठोकता चालवता आलं पाहिजे. रेसआधी डिस्कॉर्ड नावाच्या गप्पांच्या ॲपवर ब्रीफिंग, उशिरा आला तर मागून सुरुवात. कुणी धडकलं तर दुसऱ्या दिवशी व्हिडिओची क्लिप लावून तक्रार करायची, तीन पंच बघतात आणि निकाल देतात. आमच्या दिवट्याला पहिल्याच रेसला स्पाच्या ला सोर्स वळणावर दुसऱ्याच्या आत घुसवल्याबद्दल पाच सेकंद बसले, दोन दिवस तोंड पाडून होता, मग ज्याला धडकला त्याला स्वतःहून सॉरीचा मेसेज टाकला. नाशिकचा पोरगा तो, आता दोघं एकाच टीममध्ये आहेत.

दुसऱ्या रेसला फजिती माझी झाली, त्याची नाही. सरावाला आम्ही हवेचं तापमान 30 धरून टायर सेट केले, आकडा 26.5 वर अगदी मस्त बसलेला. रेसच्या सर्व्हरवर तापमान होतं 20, वेळापत्रकात लिहिलेलं होतं आणि मीच वाचलं नाही. एका डिग्रीला ढोबळ पॉइंट एक पीएसआयचा फरक पडतो, म्हणजे दहा डिग्रीला पूर्ण एक, 25.5 वर गाडी सगळीकडे सरकत होती, सोळाव्यावरून पार बाविसावा. आता भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय, आधी तापमान बघा. आणि तिसऱ्या रेसला एकोणिसाव्या लॅपला लाइट गेली. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर तगला पण राउटरची पिन साध्या बोर्डात. असो, 2023 च्या व्हर्च्युअल ल मान्सला, म्हणजे फ्रान्सच्या मोठ्या रेसच्या ऑनलाइन आवृत्तीला, व्हर्स्टापेनसारखा फॉर्म्युला वनचा वर्ल्ड चॅम्पियन पहिल्या नंबरवर असताना कनेक्शन तुटून मागे पडला आणि चिडून रेस सोडून गेला, तिथे आमचं काय.

हे सगळं करून पुढे काय, असं घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. मी उगाच मोठं सांगत नाही. इंग्लंडचा जेम्स बाल्डविन 2019 ला गेमर लोकांच्या स्पर्धेत जिंकला आणि 2020 ला ब्रिटिश जीटी या खऱ्या रेसच्या मालिकेत खऱ्या मॅक्लारेन गाडीत बसून पहिलीच रेस जिंकला. 2019 लाच मेक्सिकोत एन्झो बोनिटो नावाच्या सिम रेसरने, म्हणजे कॉम्प्युटरवर रेस करणाऱ्याने, खऱ्या गाडीत फॉर्म्युला ई या इलेक्ट्रिक गाड्यांच्या रेसिंगचा चॅम्पियन राहिलेल्या लुकास डी ग्रासीला हरवलं. पण असे किती, हाताच्या बोटावर. आमचा काही मॅक्लारेनमध्ये बसणार नाही हे त्यालाही माहीत आहे. मला फायदा दिसतो तो वेगळा. जो पोरगा दोन वर्षांपूर्वी टो म्हणजे काय विचारलं तर पुस्तकातली व्याख्या पाठ म्हणायचा, तो आता दुकानात गिऱ्हाइकाच्या गाडीचे टायर बघून सांगतो की आतली कड खाल्लीय, कॅम्बर बघा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदलली की लिहून ठेवायची, हे त्याला कॉलेजच्या वर्कशॉपने शिकवलं नाही, तिथलं अलाइनमेंटचं मशीन कापड घालून झाकलेलं असतं. आयटीआय आणि पॉलिटेक्निकवाल्यांनी अशी एक सीट लॅबमध्ये ठेवावी असं माझं चक्क म्हणणं आहे, मशीनपेक्षा स्वस्त पडेल आणि पोरं रांग लावतील.

आता तुमच्या पानाबद्दल. 2025 च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा झाला त्यात पैसे लावून खेळायचे गेम बंद केले, पण ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, त्यातून वेगळं काढलंय, स्पर्धेची फी आणि कामगिरीवर बक्षीस चालतं, पैज चालत नाही. त्याच्याही आधी, डिसेंबर 2022 मध्ये, केंद्राने ई-स्पोर्ट्स क्रीडा खात्याकडे दिलं. सरकारला फरक कळतो आणि आपल्या पेपरला कळत नाही हे बरं दिसत नाही साहेब. आमच्या लीगची फी सीझनला 300 रुपये, ते सर्व्हरच्या भाड्यात जातात, जिंकणाऱ्याला एक ट्रॉफी कुरिअरने येते आणि ती पण गेल्या वेळी मोडून आली.

वेळ जातो, हे मात्र मान्य. परीक्षेच्या महिन्यात स्टेअरिंग काढून मी दुकानाच्या कपाटात कुलपात ठेवलं होतं, त्यावरून आमच्यात चार दिवस बोलणं बंद होतं. तेवढं लिहा खुशाल. पण जुगाराच्या बातमीवर फोटो पत्त्यांचा टाका, स्टेअरिंगचा नको.

पुढची रेस इटलीतल्या मोन्झाच्या ट्रॅकवर आहे, तिथे लांबच लांब सरळ रस्ते, त्यामुळे विंग काढून टाकायची का पराबोलिका नावाच्या लांब वळणासाठी थोडी ठेवायची यावर घरात दोन पक्ष पडलेत. तुमच्या वार्ताहराला शनिवारी रात्री आठनंतर पाठवून द्या, मारुतीची सीट मागेपुढे सरकते, कुणालाही बसते. फक्त बूट काढून यायला सांगा, लोडसेलचा ब्रेक मोज्यांवरच नीट कळतो.

आपला नियमित वाचक,
एक अलाइनमेंटवाला, सांगली