शनिवारी मोरबे धरण व्हिजिट, सिव्हिल थर्ड इयर सगळ्यांनी वाचा
मंडळी, शनिवारी सकाळी साडेसहाला नेरूळ स्टेशन पूर्वेला बस लागेल, उशीर नको कारण आधी भोकरपाड्याचं जलशुद्धीकरण केंद्र बघायचंय आणि मग धरण. आपल्या नळाला येणारं पाणी धावरी नदीवरच्या या धरणातून येतं, धरण नवी मुंबई महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचं, पाण्याची पातळी ८८ मीटरला गेली की पूर्ण भरतं. तिथे सांडवा (स्पिलवे, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडायची वाट) आणि दरवाजे नीट बघा, पुस्तकातली आकृती आणि समोरचं काँक्रीट यात खूप फरक असतो, मला तर पहिल्यांदा बघूनच स्पिलवे समजला. हेल्मेट, बूट, आयकार्ड मस्ट. चप्पल घालून आलात तर बसमध्येच बसावं लागेल. डबा घरून आणा. फोटो परवानगी विचारूनच काढा, आणि पाण्यात कोणीही उतरायचं नाही प्लीज.