तिसरीच्या वर्गातून आई-बाबांना

१० डिसेंबर २०२५

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "दुसऱ्या शाळेतून बोलावणं आलं होतं, मग त्याच शाळेत का राहिलीस?" मी "इथे आवडतं म्हणून" एवढंच म्हणाले आणि तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. तुम्ही स्वतः आयुष्यभर प्राथमिकचे वर्ग सांभाळलेत. तुम्हाला नीट सांगायला हवं, म्हणून हे पत्र लिहायला बसले. आई, तू मात्र हे स्वतः वाचायला घेऊ नकोस, बाबांकडून वाचून घे. डोळ्याच्या ऑपरेशननंतर ताण नको असं डॉक्टरांनी बजावलंय.

तुझ्या डोळ्याची गोष्ट माझ्या तिसरीच्या सगळ्या वर्गाला माहीत आहे. आमची शाळा कॅथलिक, त्यामुळे सकाळी हजेरीनंतर प्रार्थना होते आणि तिच्या शेवटी विनंत्या असतात. ज्याला वाटेल त्याने उभं राहायचं आणि आज कुणासाठी प्रार्थना करायची ते सांगायचं. मग सगळे मिळून म्हणतात, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." कुणाची मावशी दवाखान्यात असते, कुणाच्या बाबांचं काम सुटलेलं असतं, कुणाचं मांजर दोन दिवस घरी आलेलं नसतं. मी तुझं सांगितलं, त्यानंतर पट्टी निघेपर्यंत रोज कुणी ना कुणी "टीचरच्या आईचा डोळा" म्हणून उभं राहायचं. वर्गात निम्म्याहून जास्त मुलं कॅथलिक नाहीत. त्यांनी हात जोडलेच पाहिजेत अशी सक्ती नाही, शांत बसलं तरी चालतं. पण विनंत्यांच्या वेळी मात्र सगळेच उठतात, कारण प्रत्येकाला कुणाचं तरी नाव घ्यायचं असतं.

ऑक्टोबरमध्ये माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील अचानक गेले. संध्याकाळपर्यंत ठणठणीत होते आणि रात्री गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आधी मुख्याध्यापिका सिस्टरांनी आम्हा सगळ्यांना शिक्षक-खोलीत बोलावलं. मुलांना काय सांगायचं आणि कोणत्या शब्दांत सांगायचं, हे त्यांनी ठरवूनच ठेवलं होतं. "झोपले", "लांब गावी गेले" असं काही बोलायचं नाही. वारले असं सरळ सांगायचं. मुलांनी विचारलं तर उत्तर द्यायचं, आणि उत्तर नसेल तर आपल्याला ठाऊक नाही असं म्हणायचं. आठ वर्षांच्या मुलांसमोर हे कसं बोलायचं या विचाराने माझे हात गार पडले होते. पण सांगितल्यावर वर्ग कोसळला नाही. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकीने विचारलं, "त्याचा डबा आता कोण भरणार?"

त्या प्रश्नाचं उत्तर मोठ्यांनी दिलं. पालक-शिक्षक संघातल्या दोघीतिघींनी दुपारपर्यंत एक यादी केली. कोणत्या दिवशी त्या घरी जेवण कुणी पोचवायचं, मुलाला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला शाळेतून घरी कुणी सोडायचं, विम्याच्या आणि बँकेच्या कागदांसाठी त्याच्या आईबरोबर कुणी जायचं, सगळं त्यात होतं. हे कुटुंब कॅथलिक, पण यादीतली निम्मी नावं इतर धर्मांच्या घरांतली होती. आज दीड महिना झाला तरी यादी चालू आहे. पहिल्या आठवड्यात सगळेच धावून येतात, बाबा. सातव्या आठवड्यातही कुणी येतं, याचं मला फार मोल वाटतं.

अंत्यविधीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, वर्गातली मुलं आपापल्या पालकांबरोबर आली होती. फादरांनी प्रवचन मुलांकडे बघूनच केलं आणि थोडक्यात आटोपलं. मुलगा आठवडाभराने शाळेत परतला तेव्हा त्याच्या बाकावर कुणी फुलंबिलं ठेवली नव्हती. तसं करायचं नाही हेही आधीच ठरलं होतं, कारण सगळ्यांच्या नजरेत येणं त्याला नको असणार. शेजारच्या मुलाने फक्त सरकून जागा केली आणि गेल्या आठवड्याचं गणित त्याला दाखवायला लागला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "आता तुझ्या वहीवर सही कोण करणार?" माझा श्वास अडकला. तो म्हणाला, "आई." आणि दोघं पुन्हा गणिताकडे वळले. मोठी माणसं ज्या प्रश्नाला वळसा घालून गेली असती तो एका मुलाने विचारला, आणि त्याने दुसऱ्याला बरंच वाटलं, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

नोव्हेंबर हा कॅथलिकांचा मृतांच्या स्मरणाचा महिना. १ तारखेला सर्व संतांचा सण आणि २ तारखेला सर्व मृतांचा दिवस असतो. महिनाभर शाळेच्या प्रार्थनालयात वेदीजवळ एक जाड वही उघडी असते. आपल्या गेलेल्या माणसांची नावं तिच्यात लिहायची. यंदा माझा वर्ग रांगेने गेला तेव्हा हा मुलगा सगळ्यात पुढे होता. त्याने बाबांचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, अक्षर वळवून वळवून. पाठोपाठ बाकीच्यांचे आजी-आजोबा, काका, जन्माआधीच गेलेला एक भाऊ, आणि एक कुत्रा. कुत्र्याचं चालेल का, असं एका मुलीने विचारलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "तुझं प्रेम होतं ना त्याच्यावर? मग लिही." मीही आजीचं नाव लिहिलं, बाबा. तुमच्या आईचं नाव कुठल्या अनोळखी वहीत लिहिलं म्हणून तुम्हाला वावगं वाटणार नाही, याची मला खात्री आहे.

आता जरा हलकं सांगते. यंदा मुलं एका संतावर जाम खूश आहेत. कार्लो अक्युटिस नाव त्याचं. १९९१ मध्ये जन्मला आणि २००६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने पंधराव्या वर्षी गेला. त्याला कॉम्प्युटरचा नाद होता, आणि जगभरच्या ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे मिस्सेत देतात त्या पवित्र भाकरीच्या, चमत्कारांची माहिती गोळा करून त्याने एक वेबसाइट उभी केली होती. ७ सप्टेंबरला पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत म्हणून जाहीर केलं. मुलांना आतापर्यंतचे संत म्हणजे दाढी, झगा आणि शेकडो वर्षांपूर्वीची माणसं. हा तर जीन्स आणि स्पोर्ट्स शूज घातलेला, इटलीतल्या असिसीला पुरलाय तोही त्याच कपड्यांत. त्या सोहळ्याला त्याचे आई-वडील व्हॅटिकनच्या चौकात हजर होते, हे मी सांगितलं तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला. ऑक्टोबरमध्ये जे घडलं त्यानंतर माझी मुलं आई-वडिलांचा उल्लेख वेगळ्या कानांनी ऐकतात. एकाने विचारलं, "त्याची आई हसत होती की रडत होती?" मी म्हटलं, दोन्ही असेल. ते त्यांना पटलं.

बाबा, हे खास तुमच्यासाठी. आमच्या शिक्षक-खोलीत जाँ-बाप्तिस्त द ला साल यांचं चित्र आहे. १६५१ ते १७१९ हा त्यांचा काळ. श्रीमंत घराण्यातले फ्रेंच धर्मगुरू, १६८३-८४ च्या दुष्काळात आपली मालमत्ता गरिबांत वाटून टाकली आणि गरिबांच्या मुलांसाठी शाळा चालवणाऱ्या शिक्षकांबरोबर राहिले. त्या काळी वाचनाची सुरुवात लॅटिनमधून व्हायची. यांनी मुलांना आधी त्यांच्या घरच्या भाषेत, फ्रेंचमध्ये, वाचायला शिकवलं. एकेका मुलाला वेगळं बोलावून शिकवण्याऐवजी सगळा वर्ग एकत्र शिकवायची पद्धत त्यांनी रुजवली. १९५० मध्ये पोप पायस बारावे यांनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलं. "मुलाला घरच्या भाषेतलं अक्षर आधी कळू दे," असं तुम्ही साहेबांना ठणकावून सांगायचात, ते मला या चित्राखाली चहा घेताना नेहमी आठवतं.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणाविषयी एक जाहीरनामा काढला होता. त्याला यंदा ६० वर्षं झाली, म्हणून सिस्टरांनी पालकसभेत त्यातला काही भाग वाचून दाखवला. मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक हे त्यांचे आई-वडील, हे त्यात स्पष्ट म्हटलंय. शाळा त्यांच्या मदतीला. सभेत एक वडील उठून म्हणाले, "आम्ही दिवसभर कामावर. आम्ही काय शिकवणार?" सिस्टरांनी उत्तर द्यायच्या आत मागच्या रांगेतून वडील गेलेल्या त्या मुलाची आई बोलली. तिचे यजमान रोज रात्री मुलाची वही बघायचे, चुका काढायचे नाहीत, फक्त बघायचे आणि सही करायचे. एवढंच ती म्हणाली आणि खाली बसली. मला वाटतं त्या संध्याकाळी पुष्कळ घरांत वह्या उघडल्या गेल्या असतील.

बाकी क्रीडादिन झाला, सभागृहाच्या गळक्या छपराचं काम एकदाचं पुरं झालं, आणि वर्षानुवर्षं पहिलीला शिकवणाऱ्या वयस्कर सिस्टर संस्थेच्या वृद्धाश्रमात राहायला गेल्या. आता शाळेत दोनच सिस्टर उरल्या आहेत. पूर्वी सगळी शाळा त्याच चालवायच्या, आता बहुतेक भार आमच्यासारख्या संसारी शिक्षकांवर आहे. म्हणूनही मी राहिले, बाबा. त्यांनी जपलेलं हे सगळं पुढे न्यायला माणसं लागणार आहेत आणि त्यासाठी कॅथलिकच असायला हवं असं त्या स्वतःच म्हणत नाहीत.

सध्या आगमनकाळ चालू आहे, नाताळच्या आधीचे चार रविवार. वर्गात हिरव्या वेलाच्या कड्यात चार मेणबत्त्या आहेत, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या आठवड्याची, आनंदाची. ती कोण पेटवणार यावरून आत्तापासून वाटाघाटी चालल्या आहेत. नाताळचा गोठाही मांडलाय. संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी खराखुरा बैल, गाढव आणि गवत आणून येशूजन्माचा प्रसंग उभा केला होता, ते ऐकल्यावर मुलांनी गाढव आणूया म्हणून माझ्यामागे लकडा लावला. शेवटी पुठ्ठ्याच्या गाढवावर समेट झाला. गव्हाण अजून रिकामी आहे. कुणासाठी काही चांगलं केलं की तिच्यात गवताची एक काडी टाकायची, आणि काय केलं ते कुणाला सांगायचं नाही, असा नियम. नाताळपर्यंत बाळ येशूसाठी मऊ अंथरूण झालं पाहिजे. पहिल्या दोन दिवसांत मूठमूठ गवत पडलं, तेव्हा मला शंका आली. आता वेग मंदावलाय आणि मुलं काडी टाकण्याआधी थोडा विचार करताना दिसतात. वडील गेलेला तो मुलगा काल दोनदा गव्हाणीपाशी गेला. नियम पाळायचा म्हणून मी विचारलं नाही.

नाताळनंतर नव्या सत्रात ज्यांचं प्रथम ख्रिस्तप्रसाद ग्रहण आहे त्या मुलांची तयारी सुरू होईल. पोप पायस दहावे यांनी १९१० मध्ये त्यासाठीचं वय साधारण सातपर्यंत खाली आणलं. लहान मुलांनाही कळतं यावर त्यांचा विश्वास होता. कपड्यांवरून घराघरांत चढाओढ लागू नये म्हणून शाळेने सगळ्यांसाठी एकसारखे साधे पांढरे झगे ठरवलेत. हा निर्णय मला मनापासून आवडला.

आता तुमच्याकडे काम आहे. पाकिटात मुलांच्या चिठ्ठ्या आहेत. आईचा डोळा बरा झाल्याचं कळल्यावर त्यांनीच लिहायचं ठरवलं. बहुतेकांनी आईला विचारलंय की पट्टी काढल्यावर पहिल्यांदा काय दिसलं. आई, तू उत्तरं सांग आणि बाबा, तुम्ही लिहा. प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी हवी, एकच सगळ्यांना चालणार नाही. अक्षर मोठं आणि सुटं काढा. आणि बाबा, निळ्या कागदावरची चिठ्ठी त्या मुलाची आहे. त्याने तुम्हालाच लिहिलंय. तुम्ही शिक्षक होतात हे त्याला मी सांगितलं होतं, आणि त्याला भागाकाराची एक शंका आहे. त्याचं उत्तर आधी पाठवा, सोमवारी चाचणी आहे.

तुमची,
छोटी